पाहुण्यांना दिलेला चष्मा

आमच्या लॅबच्या दाराशी एक स्टीलची ताटली ठेवलेली असते. आत शिरण्याआधी घड्याळ, अंगठी, बांगड्या, कडं, गळ्यात लोंबणारं काहीही त्या ताटलीत काढून ठेवायचं. कारण साधं आहे. आतल्या टेबलावर लेझरचा किरण कमरेच्या उंचीवरून धावत असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. चकाकणाऱ्या वस्तूवर आपटला की कुठे उडेल याचा नेम नाही. खाली पडलेलं काही उचलताना डोळे मिटून वाकायचं, हाही नियम, कारण वाकलं की डोळे नेमके त्या उंचीवर येतात. ही सवय इतकी अंगवळणी पडलीय की बाजारात हातातून लिंबू निसटलं तरी मी डोळे मिटून वाकते. आई म्हणते, "चक्कर येते का गं तुला? लोक बघायलेत."

मी सेमीकंडक्टर लेझर बनवते. तांदळाच्या कणीहून लहान चिप असते, तिच्यात वीज सोडली की प्रकाश बाहेर पडतो. नाहूरला आमच्या बिल्डिंगमधल्या काकू मला दर दिवाळीला विचारतात, "तुझ्या त्या लेझरनं ओठावरचे केस कायमचे जातात का गं?" पहिल्या दोन-तीन वर्षांत मी समजावून सांगायचे. आता म्हणते, "जातात, पण ओठ पण जातो." आई मात्र समजून घेते, किंवा समजल्यासारखं दाखवते. बुद्धविहारात रविवारी वंदनेनंतर ती मला पुढे ढकलते आणि लहान पोरींना सांगते, ही सायंटिस्ट ताई. वडील मराठवाड्यातल्या गावातून या शहरात आले तेव्हा अंगावरचे कपडे घेऊन आले होते, त्यामुळे 'सायंटिस्ट' हा शब्द आमच्या घरात फार जपून वापरला जातो. त्या शब्दाच्या मागे 'कंत्राटी' असं एक विशेषण आहे, ते आई गाळते. दर वर्षी करार संपतो, दर वर्षी नवा होतो, आणि तो होईपर्यंत मी घरात सगळ्यांवर खेकसत असते.

त्या वर्षी कायम व्हायची शक्यता पहिल्यांदा दिसली. सगळीकडे चिपचं वारं होतं. आपल्याकडे बनवायच्या, आपल्याकडेच, असं जो तो म्हणत होता, आणि एका कंपनीला आमचा लेझर हवा होता. सरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "हे काम आलं की एक जागा मंजूर होतेय. तुझीच आहे ती. मेडिकल वगैरे होईल, बाकी काही नाही." सर म्हणजे आमच्या लॅबचे प्रमुख. ताटलीचा नियम त्यांचा, वाकण्याचा नियमही त्यांचा. एकदा एक मुलगी नाकातली चमकी काढायला विसरली, तर त्यांनी तिला दारातून परत पाठवलं होतं. आम्ही मागून त्यांना पुजारी म्हणायचो.

कंपनीचे लोक आले तो दिवस उकाड्याचा होता. मोठे साहेब, त्यांच्याबरोबरचे दोघे, आणि फोटो काढायला एक माणूस. लेझरपासून वाचवणारे खास चष्मे आमच्याकडे मोजकेच, परदेशातून मागवलेले. माणसं जास्त झाली. आता आपल्याकडची रीत काय, पाहुण्याचं ताट आधी. लॅबमधल्या माझ्या मैत्रिणीने तिचा चष्मा काढून एकाला दिला आणि ती सरळ बाहेर जाऊन उभी राहिली. माझा मी ओढणीला पुसून फोटोवाल्याला दिला. पण मला बाहेर जाता येत नव्हतं, लेझर माझा होता, चालवायचा मलाच होता. सरांनी ते पाहिलं. क्षणभर वाटलं ओरडतील. ते पाहुण्यांकडे वळून हसले.

मग घड्याळाचं. मोठ्या साहेबांच्या मनगटावर वाटीएवढं घड्याळ, पट्टा लखलखीत. दारात सरांचा हात ताटलीकडे गेला. अर्ध्यावर थांबला. आणि तोच हात पुढे करत ते म्हणाले, "या साहेब, या, आत या." इतक्या वर्षांत तो हात अर्ध्यावर थांबलेला मी पाहिला नव्हता. मी काही म्हणेपर्यंत सगळे आत आले होते.

मी लेझर चालू केला. पडद्यावर कॅमेऱ्याने टिपलेला गोल, स्वच्छ ठिपका उमटला. मला त्याचा अभिमान होता, अजून आहे. साहेब खूष झाले, पुढे झुकले आणि "हा आरसा कशासाठी?" असं विचारत त्यांनी टेबलावरून हात आडवा नेला. माझ्या उजव्या डोळ्याला काहीतरी लाल दिसलं. अगदी मंद, उदबत्तीच्या टोकाएवढं, आणि लगेच गेलं.

आमच्या लेझरचा रंग दिसण्याच्या सीमेवरचा. डोळ्याला त्याचा जेमतेम अंश कळतो. म्हणून तो मंद लाल दिसतो तेव्हा तो मंद नसतो. हे मी दर वर्षी नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगते. मी एक पाऊल मागे सरले, डोळा मिटला. सरांनी ते पाहिलं, बटण दाबून लेझर बंद केला आणि म्हणाले, "एवढंच दाखवायचं होतं, चला, चहा घेऊ." पाहुण्यांना चहाला बसवून ते व्हरांड्यात माझ्यापाशी आले. हळूच विचारलं, "काही झालं नाही ना?"

मी म्हटलं, "नाही सर."

ते "बरं" म्हणाले आणि पाहुण्यांत जाऊन बसले.

घरी आल्यावर संध्याकाळी मी बेसिनपाशी एक डोळा झाकून उभी राहिले. सगळं ठीक दिसत होतं. तरी चैन पडेना. आलेखाचा कागद घेतला, मधोमध पेनने ठिपका काढला, डावा डोळा झाकला आणि नजर ठिपक्यावर ठेवून पेन्सिलचं टोक हळूहळू बाजूला नेत राहिले. उजवीकडे एका जागी टोक नाहीसं झालं. हाताला पेन्सिल लागत होती, डोळ्याला दिसत नव्हती. मला दरदरून घाम फुटला. स्वयंपाकघरातून आई विचारत होती, भाकरी की पोळी, आणि मी पेन्सिल पुन्हा पुन्हा त्याच जागी नेत होते.

मग अक्कल जागी झाली. प्रत्येक माणसाच्या प्रत्येक डोळ्यात जन्मापासूनच एक आंधळी जागा असते, शाळेत शिकलेलं. डावा डोळा तपासला, तर त्यातही तशीच, दुसऱ्या बाजूला. आईला धरून बसवलं, तिच्यातही. "मला का आंधळी करायलीस?" म्हणाली. मी इतकी हसले की तिलाही हसू आलं. त्या रात्री मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तारीख बघत होते. त्या तारखेच्या वरच्या चौकटीतला आकडा नव्हता. पापण्या मिटल्या, उघडल्या, मान हलवली, आकडा आला. पुन्हा खालच्या तारखेकडे पाहिलं, वरचा गेला. फक्त उजव्या डोळ्याला. हा आंधळा डाग नवा होता. जन्माचा जो होता तो दूर बाजूला, आणि हा जवळ, नजरेच्या मध्याच्या अगदी शेजारी, वर. काल मी पेन्सिल फक्त उजवीकडे नेली होती, आणि पहिलं भोक सापडताच शोध थांबवून मोकळी झाले होते.

दुसरा कोणीही सरळ डॉक्टरकडे गेला असता. आमच्या जातीचा, म्हणजे मोजमाप करणाऱ्यांच्या जातीचा माणूस काय करतो? मोजायला बसतो. मी रोज सकाळी त्याच खिडकीशी, तेवढ्याच अंतरावर कागद धरून त्या डागाची कड काढू लागले. कड तशीच राहिली तर काळजी नाही, वाढली तर डॉक्टर, असं मीच ठरवून टाकलं. एका दिवसाचं मोजमाप म्हणजे काय, थोडी माहिती जमू दे, मग बघू. आता विचार करते तर चीड येते. घर पेटलं असताना थर्मामीटर आणायला धावण्यातला प्रकार होता तो. पण खरं सांगायचं तर मला डॉक्टरची भीती नव्हती, तो कागदावर काय लिहील त्याची होती. तो लिहिणार, मग संस्थेत चौकशी, लॅबला कुलूप, कंपनी परत फिरणार, आणि मेडिकलमध्ये मी नापास. आईला विहारात काय सांगायचं?

कंपनीचे लोक पुन्हा यायचे होते, शेवटचं बघायला आणि सही करायला. सर मला रोज विचारत, "लेझर ठीक?" लेझर ठीक होता. डोळ्याबद्दल त्यांनी परत विचारलं नाही. मीही पाठ फिरवून उत्तर द्यायला शिकले, म्हणजे चेहरा दिसायला नको.

मैत्रिणीने पकडलं. ती खारदांड्याची, कोळ्यांची पोर, तिची आई अजून मासळी विकते. चिप कापायला हिच्यासारखा हात आमच्याकडे कुणाचा नाही आणि जीभही. मी मायक्रोस्कोपवर वाकले होते. ती मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "डावा डोळा कधीपासून लावायला लागलीस?"

"असाच. उजवा थकलाय."

"ए, मला नको शिकवू. इतकी वर्षं उजवा लावतेस. काय झालंय?"

"काही नाही गं."

तिने मायक्रोस्कोपचा दिवाच बंद केला. "साहेबाचं घड्याळ ना? मी काचेतून बघत होते बाहेरून. तू मागे सरकलीस तेव्हाच मला वाटलं, हिची वाट लागली. मग तू चहा द्यायला लागलीस, म्हटलं नसेल. बोल ना!"

मी सांगितलं. रोज मोजते आणि कड वाढलेली नाही, हेही सांगितलं, आणि ते सांगताना मला चक्क वाटत होतं की ती म्हणेल, छान केलंस. तिच्या घरच्या बोलीत तिने मला जे काय सुनावलं ते मला निम्मंच कळलं आणि तेवढं पुरलं. शेवटी मराठीत आली. "येडी झालीस काय? डोळा आहे तो, सँपल नाही! बाजारात माझी आई मासळीचा कल्ला उघडून बघते, ताजी की शिळी, एका सेकंदात. तू रोज कागदावर काढत बसलीस?"

"माझी जागा जाईल यार."

"जाऊ दे ना मग! डोळा कुठून आणशील?" तिचा आवाज फाटला. तिचे डोळे भरले होते आणि ती मला मारायच्या बेतात होती. मलाच तिचा हात धरावा लागला.

दुसऱ्या दिवशी ती मला घाटकोपरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर बाईंनी थेंब घातले, डोळ्यात उजेड सोडून बराच वेळ पाहिलं. त्या पाहत होत्या तितका वेळ मी खुर्चीच्या कडा दाबून बसले होते. म्हणाल्या, "डोळ्याच्या आतल्या पडद्यावर भाजल्याचा डाग आहे. मध्याला लागला असता तर या डोळ्याने वाचता आलं नसतं. केसभर वाचलात." यावर औषध काय, तर काही नाही. वाढायची शक्यता कमी, जायची त्याहून कमी. "कामाच्या ठिकाणी कळवलंत?" त्यांनी विचारलं. मैत्रीण माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "आज कळवते."

थेंबांमुळे उजेड सहन होत नव्हता. ओढणी डोळ्यावर घेऊन रिक्षात बसले. लॅबमध्ये पोचलो तर लगबग. व्हरांडा झाडला होता, कप मांडले होते. पाहुणे दुपारी यायचे होते. सगळे चष्मे पुसून टेबलावर मांडले होते, पाहुण्यांसाठी. ते बघून माझं डोकं सणकलं. मी न विचारता केबिनमध्ये शिरले आणि दार लावलं.

"सर, त्या दिवशी माझ्या उजव्या डोळ्याला लागलं. पडद्यावर डाग आहे. आत्ता डॉक्टरकडून आले."

सर एकदम उठले, मग बसले. मी चौकशी, संताप, आरोप, सगळ्याची तयारी करून गेले होते. त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "मध्यापासून किती लांब?"

"शेजारीच. वर."

"रोज मोजतेस?"

मी मान हलवली.

"मोजणं बंद कर. त्यानं फक्त झोप जाते. सहा-आठ महिन्यांत मेंदू ती जागा भरून काढतो, मग आलेखाच्या रेघासुद्धा सरळ दिसतात. तुला आठवणही राहणार नाही." ते भराभर बोलत होते, बोट टेबलावर फिरवत. "मेडिकलची काळजी करू नको. अक्षरांचा तक्ता वाचायला लावतात. एखादं अक्षर खाल्लं गेलं की नजर अगदी जराशी बाजूला घ्यायची, अक्षर येतं. मान नाही हलवायची, मान हलवली की त्यांना कळतं. नुसती नजर. घरी सराव कर, जमतं."

मी ऐकत होते आणि माझ्या अंगावर काटा येत होता. डॉक्टर बाईंनी यातलं काही सांगितलं नव्हतं. हे पुस्तकात नसतं. मान हलवायची नाही, हे त्या खुर्चीत स्वतः बसून आलेल्यालाच ठाऊक असणार.

"सर, तुमच्या कुठल्या डोळ्यात आहे?"

त्यांचं बोट थांबलं. बाहेर कुणीतरी कपबशा मोजत होतं. ते म्हणाले, "डाव्या. तुझ्यापेक्षा लहान होतो. तेव्हा आमच्याकडे चष्मा एकच होता, तो आमच्या सरांचा." मग म्हणाले, "त्यांनी मला बाहेर बोलावून विचारलं होतं."

काय विचारलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. मला ते शब्द पाठ होते, मीही व्हरांड्यात उभी राहून तेच ऐकले होते.

मला त्या माणसाचा भयंकर राग आला. ज्याने ताटली मांडली, चमकीसाठी पोरीला परत पाठवलं, ज्याच्या शिस्तीवर मी विश्वास टाकून इतकी वर्षं त्या टेबलाशी उभी राहिले, त्याला सगळं माहीत होतं. सगळ्यात जास्त त्यालाच माहीत होतं. आणि त्याच वेळी त्यांच्या डाव्या डोळ्याकडे बघून मला रडूही येत होतं. मी रडले नाही. मी म्हटलं, "सर, तुम्ही मला 'काही झालं नाही ना' असं विचारलंत. 'काय झालं' असं विचारलं असतंत तर मी तिथेच सांगितलं असतं. त्याच दिवशी डॉक्टरकडे गेले असते. आणि आता तुम्ही मला फसवायचं कसं ते शिकवताय. उद्या मी कुणाला शिकवू? काचेपलीकडे उभी आहे तिला?"

माझी मैत्रीण खरंच केबिनच्या काचेपलीकडे उभी होती. हाताची घडी, नजर आमच्यावर.

सरांनी तिच्याकडे पाहिलं, टेबलावर मांडलेल्या चष्म्यांकडे पाहिलं. मला वाटलं आता म्हणतील, आजचा दिवस जाऊ दे, सही होऊ दे, मग बघू. मी असते तर कदाचित तेच म्हटलं असतं. त्यांनी फोन उचलला.

"साहेब, नमस्कार. आज येऊ नका. आमच्याकडे अपघात झालाय. नाही, आज नाही, मागच्या वेळी, तुम्ही आलात तेव्हा. लॅब मी बंद करतोय, चौकशी होईपर्यंत." ते उभे राहून बोलत होते. त्या एका फोनने काय काय जाणार ते मला तिथेच दिसत होतं. पुढे गेलंही. कंपनी दुसऱ्या शहरात गेली, ती जागा मंजूर झालीच नाही, मी अजूनही वर्षाच्या करारावर आहे आणि दर वर्षी घरात खेकसते. तेव्हा मनात आलं होतं की यांना थांबवायला यांचा हात धरावा. धरला नाही, याचं मला बरं वाटतं.

"घड्याळ तुमचं होतं, पण चूक माझी," सर सांगत होते. "आमच्या शास्त्रज्ञाच्या डोळ्याला इजा झालीय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही साहेब, पहिलीच नाही. माझ्याही डोळ्यात आहे. कुणाला सांगितलं नव्हतं."

फोन ठेवून ते खुर्चीत बसले. त्यांना पाणी दिलं तर ग्लास दोन्ही हातांनी धरला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू घरी जा. आईला सांग आधी."

"आणि तुम्ही?"

"मलाही घरी सांगायचंय," ते म्हणाले. "बत्तीस वर्षं झाली लग्नाला. कुठून सुरुवात करू, तेच कळत नाही."